बेलेमचे पाठभेद

लिस्बनला गेलेला प्रवासी पहिल्या नाही तर दुसऱ्या दिवशी बेलेमला जातोच. टेगस नदी, जिला तिथले लोक तेजु म्हणतात, ती समुद्राला मिळण्यापूर्वी जिथे रुंदावते त्या काठावरचा हा भाग. पंधरा क्रमांकाची ट्राम तेथे नेऊन सोडते. पाऊण मैलाच्या टापूत मठ, बुरूज, स्मारक, संग्रहालये आणि दालचिनीची पूड भुरभुरवलेल्या त्या प्रसिद्ध गोड वड्यांचे दुकान असे सारे एकत्र असल्यामुळे एका दिवसात पोर्तुगालचा ‘सुवर्णकाळ’ पाहून होतो, अशी मार्गदर्शक पुस्तकांची ग्वाही असते. २०१८च्या सप्टेंबरात मी आणि माझी पत्नी तेथे गेलो तेव्हा आमच्याही हातात असेच एक पुस्तक होते. त्यात प्रत्येक वास्तूच्या नावापुढे एक सनावळी छापलेली होती. संध्याकाळपर्यंत माझा त्या सनावळीवरचा विश्वास उडाला. आकडे खोटे होते म्हणून नव्हे, तर प्रत्येक वास्तूपुढे एकच आकडा होता म्हणून.

जुन्या ग्रंथांच्या संहितांवर काम करण्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला पोथीवरचा शक वाचताना एक प्रश्न आपोआप पडतो. हा शक रचनेचा, की लेखनाचा, की शोधनाचा? बेलेममध्ये हाच प्रश्न मला दगडांविषयी पडत राहिला.

जेरोनिमोस मठापासून सुरुवात करावी. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबते याच काठावरून निघाली. निघण्यापूर्वी येथल्या लहानशा प्रार्थनामंदिरात खलाशांनी प्रार्थना केली. त्याच जागी राजा मानुएल पहिला याने १५०१-०२च्या सुमारास मठाची पायाभरणी केली. दियोगु बोयताक आणि त्याच्यामागून जुआंव द कास्तील्यु या वास्तुकारांनी फिकट चुनखडीच्या दगडात जे काम केले ते खरोखर थक्क करणारे आहे. देवळाच्या आत खांब ताडाच्या झाडांसारखे वर जातात आणि छताजवळ त्यांच्या फांद्या फुटून एकमेकींत मिसळतात. दारावर, खिडक्यांवर, मठाच्या आतल्या ओवऱ्यांवर दोरखंड, गाठी, प्रवाळ, जलवनस्पती, खगोलगोल. समुद्रावरच्या माणसांची सारी सामग्री दगडात गोठलेली आहे. या शैलीला राजाच्या नावावरून मानुएलीन म्हणतात, पण तो शब्दही एकोणिसाव्या शतकातला. ज्यांनी हे कोरले त्यांना आपण त्या नावाच्या शैलीत काम करतो आहोत हे ठाऊक नव्हते.

या साऱ्याचा खर्च आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर बसवलेल्या विसाव्या हिश्श्याच्या करातून झाला. इतिहासात तो ‘मिरीचा विसावा’ म्हणून ओळखला जातो. तिकिटाच्या खिडकीपाशी आमच्या पुढच्या बाईने काही विचारले आणि उत्तरात ‘पगार’ हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ ‘पैसे देणे’. चावी, बटाटा, पाव, फीत, घमेले हे शब्द जिथून आपल्याकडे आले त्या गावात उभे राहून आपल्या महिन्याच्या वेतनाचा शब्द ऐकताना गंमत वाटली. दगडाकडे पाहून अशी ओळख पटत नाही. दगड फार तर भव्य वाटतात.

मुख्य गाभाऱ्यात मानुएल आणि त्याच्या वंशजांच्या शवपेटिका संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. हा गाभारा १५७०च्या सुमारास, मानुएलच्या सुनेने, राणी कातारीनाने नव्याने बांधून घेतला. मृत राजाला हत्तीवर बसवण्याची कल्पना युरोपच्या कोणत्याही जुन्या परंपरेत बसत नाही. हे हत्ती कोठल्या देशातून त्या देवळात चालत आले हे सांगायला पाटीची गरज नव्हती. कदाचित म्हणूनच तशी पाटीही नव्हती.

परंतु गर्दी असते ती दारातून आत गेल्याबरोबर, वरच्या सज्जाखालच्या काळोख्या भागात. तेथे समोरासमोर दोन थडगी आहेत. एक वास्को द गामाचे, दुसरे कवी लुईश द कामोंइश याचे. दोघेही पाठीवर पहुडलेले, हात जोडलेले. नायक आणि त्याचा महाकवी यांना पाच शतके एका छपराखाली नांदताना पाहिल्याचे समाधान घेऊन लोक पुढे जातात. “अहो, मग आपण कोचीला पाहिली ती कबर कोणाची?” असे पत्नीने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता.

गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीला वारला आणि तेथल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पुरला गेला. ती शिळा आजही तेथे दाखवतात. १५३९मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या गेल्या, पण त्या बेलेमला आल्या नाहीत. विदिगैरा या त्याच्या जहागिरीच्या गावी त्या साडेतीनशे वर्षे होत्या. १८८०मध्ये कामोंइशच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली, तेव्हा लिस्बनमध्ये मोठा राष्ट्रीय उत्सव झाला आणि दोघांच्याही अस्थी समारंभाने या मठात आणल्या गेल्या. पुढे लक्षात आले की विदिगैराहून आणलेल्या अस्थी गामाच्या नव्हत्याच. १८९८मध्ये, भारतप्रवासाच्या चौथ्या शताब्दीच्या निमित्ताने, चूक दुरुस्त करण्यात आली. कामोंइशची गोष्ट याहून नाजूक आहे. तो १० जून १५८० रोजी लिस्बनमध्ये विपन्नावस्थेत वारला. ज्या चर्चमध्ये तो पुरला गेला असे मानतात ते १७५५च्या भूकंपात कोसळले. ढिगाऱ्यातून जे मिळाले ते त्याचेच असे ठामपणे कोणीही म्हणू शकत नाही. थडग्यावरची शिल्पे तर १८९०च्या दशकातली.

म्हणजे सोळाव्या शतकाच्या दगडी देवळात एकोणिसाव्या शतकाने दोन नवी पाने शिवली, आणि त्यांतल्या एका पानावरचा मजकूर तर आधी चुकीचाच होता. हे कोणी लपवलेले नाही, मार्गदर्शक पुस्तकातही बारीक अक्षरात आहे. पण थडग्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाचे मन बारीक अक्षरे वाचत नाही.

मठाच्या बाहेरच्या अंगाचीही हीच कथा. १८३३-३४च्या सुमारास पोर्तुगालमध्ये मठसंस्था बरखास्त झाल्या. जेरोनिमोसची इमारत अनाथ मुलांच्या एका संस्थेकडे गेली. (मठातल्या गोड वड्यांची कृती बाहेर पडली ती याच उलथापालथीत. ते दुकान १८३७पासूनचे.) पुढे जीर्णोद्धार सुरू झाला. १८६०च्या दशकाच्या अखेरीस हे काम रांब्वा आणि चिनाती या दोघांकडे आले. हे दोघे लिस्बनच्या ऑपेरागृहाचे नेपथ्यकार होते. रंगमंचावर महाल उभारण्याचा हात त्यांना बसलेला होता, त्यामुळे येथेही त्यांनी जे मुळात होते त्यापेक्षा जे असायला हवे होते ते उभारले. पश्चिमेकडच्या लांबलचक भागाच्या मधोमध त्यांनी एक उंच मनोरा योजला. १८७८च्या डिसेंबरात तो बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि कामगार त्याखाली सापडून मेले. देवळाच्या कोपऱ्यावरच्या घंटाघराचा जो घुमट आज प्रत्येक छायाचित्रात दिसतो तोही याच काळातला. त्यापूर्वी तेथे निमुळते छप्पर होते.

एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा आपण काय केले आणि केव्हा केले याची नोंद त्यांनी ग्रंथाच्या शेवटी स्वतःच करून ठेवली. त्यामुळे आजच्या अभ्यासकाला निदान एवढे कळते की आपल्या आणि ज्ञानदेवांच्या मध्ये एक हात आहे. वास्तूंचे संशोधक सहसा अशी नोंद दगडावर करीत नाहीत. ते आपल्या ओव्या मूळ ओव्यांत मिसळून देतात, आणि शंभर वर्षांच्या पावसाने त्यांवरही तोच काळपट रंग चढतो.

यात भूकंपाने एक विचित्र भर घातली. १ नोव्हेंबर १७५५च्या सकाळी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बन हादरले, मग नदी शहरात घुसली, मग आगी लागल्या. नदीकाठचा राजवाडा नष्ट झाला आणि त्याच्याबरोबर ‘काझा दा इंदिया’ या भारतव्यापाराच्या कचेरीचे दप्तर गेले. कोणते गलबत काय घेऊन आले, कोणाला किती दिले, कोण परत आले नाही, या हिशेबांचा मोठा भाग त्या दिवशी संपला. बेलेमच्या वास्तू मात्र बऱ्याच अंशी वाचल्या. राजघराणे त्या दिवशी योगायोगाने बेलेममध्ये होते म्हणून तेही वाचले. दप्तर जळाले आणि दगड उरले, त्यामुळे जे दप्तराने सांगायचे ते सांगण्याची जबाबदारी दगडांवर पडली. ती त्यांना पेलत नाही. दगडाला हिशेब ठेवता येत नाही, त्याला फक्त गौरव करता येतो.

बेलेमच्या बुरुजाकडे आम्ही दुपारी गेलो. १५१४ ते १५१९च्या दरम्यान फ्रांसिश्कु द अरूदा याने नदीच्या मुखावर पहारा ठेवण्यासाठी तो बांधला. त्या वेळी तो काठालगतच्या पाण्यात उभा होता. नंतर किनारा पुढे सरकला. पुढच्या राजवटींत तो तुरुंग झाला. १८४०च्या दशकात त्याची डागडुजी झाली आणि तेव्हाही बांधणाऱ्यांनी जुन्या शैलीत नवे नक्षीकाम बेमालूम मिसळून दिले. त्या शतकाच्या अखेरीस शेजारीच गॅसचा कारखाना होता आणि त्याच्या धुराने हा राष्ट्राचा मानबिंदू काळवंडत होता. आजची हिरवळ आणि स्वच्छ काठ पाहून हे कोणाला सांगून खरे वाटणार नाही.

मला तेथे एकच गोष्ट पाहायची होती. पश्चिमेकडच्या टेहळणीच्या घुमटीखाली, आधाराच्या दगडावर, एका गेंड्याचे डोके कोरलेले आहे. वाऱ्यापावसाने ते इतके झिजले आहे की माहीत नसेल तर तो नुसता ओबडधोबड दगड वाटावा. आमच्यासोबत सज्जावर आलेल्या तीसेक माणसांतील कोणी त्याच्याकडे पाहिल्याचे मला दिसले नाही.

१५१४मध्ये गोव्याहून आफोंसो द आल्बुकेर्क याने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याच्याकडे वकील पाठवले. दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी हवी होती. सुलतानाने परवानगी दिली नाही, पण नकार गोड करण्यासाठी भेटी दिल्या. त्यांत एक जिवंत गेंडा होता. आल्बुकेर्कने तो गोव्याहून आपल्या राजाकडे रवाना केला. १५१५च्या जानेवारीत निघालेले गलबत आफ्रिकेला वळसा घालून २० मे १५१५ रोजी येथे, या अर्धवट बांधलेल्या बुरुजापाशी आले. गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला तीही तारीख २० मे होती, सतरा वर्षांपूर्वीची. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता. लोक त्याला ‘गांदा’ म्हणू लागले. आपला गेंडा हा शब्दच त्या जनावराबरोबर गलबतातून उतरला होता. ३ जूनला राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. दोघे हाडवैरी असतात असे प्राचीन रोमन ग्रंथांत लिहिलेले होते, ते तपासून पाहण्यासाठी. गेंडा सावकाश पुढे सरकला आणि तरुण हत्ती बुजून पळाला. ग्रंथ खरा ठरल्याचे समाधान सर्वांना झाले.

वर्षअखेरीस मानुएलने तो रोमला पोप दहावा लिओ याच्याकडे भेट म्हणून पाठवला. १५१६च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात गलबत बुडाले. साखळदंडांनी जखडलेले ते जनावर त्याबरोबर गेले. दरम्यान एक पत्र आणि एक रेखाटन न्युरेंबर्गला पोचले होते. त्यांच्या आधारे आल्ब्रेख्त ड्यूररने १५१५मध्ये लाकडी ठशावर गेंड्याचे चित्र कोरले. त्याने गेंडा कधी पाहिला नव्हता. चित्रातल्या गेंड्याला चिलखताचे पत्रे आहेत आणि मानेमागे एक जादा शिंग आहे. पुढची दोनशे वर्षे आणि अधिक काळ युरोपच्या प्राणिशास्त्रातला गेंडा हाच होता. प्रत्यक्ष पाहून कोरलेला असू शकेल असा गेंडा बुरुजावर झिजत राहिला आणि न पाहता काढलेला ग्रंथांतून अमर झाला. पाठचिकित्सेच्या वर्गात मी हे उदाहरण पुढे अनेकदा दिले.

गेंड्याबरोबर एक माहूत आला होता. पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव ‘ओसेम’ असे येते. मूळ नाव हुसेन होते की आणखी काही हे त्या लेखनावरून ठरवता येत नाही. गोव्याहून चार महिने त्या जनावराला चारा घालत, अंगावर पाणी ओतत त्याने ते जिवंत पोचवले. लिस्बनच्या वेशीवर हा माणूस उतरला असेल तेव्हा त्याने काय पाहिले, कोणाशी बोलला, हे कळण्याचा मार्ग नाही. गेंड्याला निदान एक दगड मिळाला.

तिसरी वास्तू शोधयात्रांच्या स्मारकाची. नदीच्या कडेला गलबताच्या नाळेसारखा पुढे झेपावणारा पन्नास मीटरांहून उंच सुळका आणि त्याच्या दोन्ही उतारांवर तेहतीस पुतळे. अग्रभागी राजपुत्र हेन्री, मागे गामा, आल्बुकेर्क, काब्राल, मॅगेलन, गुडघे टेकलेला फ्रान्सिस झेवियर, हातात आपल्या काव्याचे पान धरलेला कामोंइश. मार्गदर्शक पुस्तकात हे सर्व ‘पंधराव्या-सोळाव्या शतकाचे स्मारक’ या शीर्षकाखाली होते. ते स्मारक माझ्याच वयाचे आहे.

१९४०मध्ये, युरोपात महायुद्ध पेटलेले असताना, सालाझारच्या राजवटीने बेलेममध्ये ‘पोर्तुगीज जगाचे प्रदर्शन’ भरवले. त्यासाठी मठासमोरची जुनी वस्ती पाडून भव्य चौक केला. त्या प्रदर्शनापुरते वास्तुकार कोत्तिनेल्ली तेल्मु आणि शिल्पकार लेओपोल्दु द आल्मैदा यांनी तात्पुरत्या साहित्यात हे स्मारक उभारले होते. ते नंतर काढून टाकले गेले. वीस वर्षांनी, राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीच्या निमित्ताने, १९६०मध्ये तेच काँक्रीट आणि दगडात कायमचे उभे राहिले. पोर्तुगीज शब्द ‘पाद्रांव’. समुद्रप्रवासी नव्या किनाऱ्यावर राजाच्या नावाचा जो शिलास्तंभ रोवीत, त्यालाही हाच शब्द. गामानेही असे स्तंभ बरोबर नेले होते. म्हणजे परक्या किनाऱ्यावर हक्क सांगणारी खूण राजवटीने १९६०मध्ये स्वतःच्याच किनाऱ्यावर रोवली. ज्याला हक्क निसटत असल्याची जाणीव नाही तो असे करीत नाही, असे मला वाटते.

कारण ते साल पाहा. दादरा आणि नगर हवेली १९५४मध्येच पोर्तुगीजांच्या हातून गेले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या. पोर्तुगालने त्या वर्षाच्या अखेरीस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला की दमणहून त्या अंतर्गत मुलुखात जाण्याचा मार्ग आपल्या हक्काचा आहे. या दाव्याचा पाया होता पेशव्यांशी १७७९मध्ये झालेला तह. त्या तहाने पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली होती. प्रश्न असा पडला की देऊ केले ते काय? मुलुखाचे स्वामित्व, की नुसता वसूल? तहाचे मराठी आणि पोर्तुगीज पाठ, त्यांची भाषांतरे, त्यातील फरक हे सारे न्यायमूर्तींसमोर आले. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निर्णय दिला. मराठ्यांनी दिले ते जहागीर वा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे ब्रिटिशांच्या काळात पोर्तुगालचे स्वामित्व मुकाट्याने मान्य केले गेले, हेही त्याच निकालात आहे, आणि मुलकी अधिकारी, सामान्य माणसे व माल यांपुरता मार्गाचा हक्क मान्य करून फौज व शस्त्रे यांना तो नाकारला. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असेही म्हटले. पोर्तुगालला हवे होते ते मिळाले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या स्मारकाचे अनावरण झाले. एप्रिलमध्ये हेगला एका मराठी कागदातील ‘सरंजाम’ या शब्दाचा अर्थ लागला, ऑगस्टमध्ये लिस्बनला काँक्रीटचे गलबत उभे राहिले आणि पुढच्या वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. स्मारकासमोरच्या फरसबंदीत दगडांचा एक प्रचंड होकायंत्राचा गोल असून त्याच्या मध्यभागी जगाचा नकाशा आहे. त्यावर गलबतांची चित्रे आणि पोर्तुगीज कोणत्या किनाऱ्याला कधी लागले त्यांची सालेही आहेत. हा गोल दक्षिण आफ्रिकेने १९६०मध्ये भेट दिला. शार्पव्हिलला काळ्या निदर्शकांवर गोळीबार झाला तेही साल तेच. मुले त्या नकाशावर उड्या मारत होती. एक जोडपे हिंदी महासागरावर बसून सँडविच खात होते. सोळाव्या शतकातले तेथे काहीही नव्हते. आपल्याच लहानपणच्या राजकारणाकडे आपण बघत आहोत आणि हे कोणाच्या गावीही नाही, ही जाणीव काहीशी एकटे पाडणारी होती. तेव्हापासून काही बदलते आहे म्हणा. २०२१च्या ऑगस्टमध्ये कोणी स्मारकाच्या पायथ्याशी निषेधाचे वाक्य रंगवले आणि पोर्तुगालमध्ये बराच वाद झाला. रंग लगेच पुसण्यात आला.

पुतळे मोजताना मी मुद्दाम पाहिले. मालिंदीपासून कालिकतपर्यंत गामाच्या गलबतांना हिंदी महासागर पार करून देणारा वाटाड्या तेथे नाही. तेहतिसांत एकच स्त्री आहे, हेन्रीची आई फिलिपा, आणि ती इंग्लंडची. म्हणजे परदेशी असणे ही काही अडचण नव्हती. मग मला ज्याची आठवण येत होती तो इंग्रज तेथे का नसावा, असा एक पोरकट विचार मनात आला.

४ एप्रिल १५७९ रोजी संध्याकाळी पाच वाजता, तुतारी आणि तोफांच्या आवाजात, लढाईला निघाल्यासारख्या थाटात, येथून पाच गलबते गोव्याला निघाली. हे वर्णन त्यांतल्या एका गलबतावरच्या तिशीच्या एका इंग्रज जेझुइटाने वडिलांना लिहिलेल्या पत्रात आहे. पुढे ते पत्र हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला, साष्टीत चाळीस वर्षांजवळ राहिला, आणि १६१६मध्ये रायतूरला त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा, रोमन लिपीत छापलेला हा मराठी ग्रंथ. चार वर्षे होतात न होतात तोच, १५८३मध्ये, त्याने भावाला लिहिले की येथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. त्याच्या दुसऱ्या वर्षी पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरी शोधून पूर्ण करणार होते. या दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. दुसरा योगायोग मला याहून विलक्षण वाटतो. १५७९च्या त्या वसंतात कामोंइश, जो स्वतः गोव्यात राहून आला होता आणि ज्याचे ‘ओस लुझियादास’ १५७२मध्ये प्रसिद्ध झाले होते, तो लिस्बनमध्येच होता. मरणाला वर्ष राहिलेला कवी आणि अजून एकही ओवी न लिहिलेला कवी, एकाच शहरात. त्यांची भेट झाल्याचा पुरावा नाही आणि मी ती घडवूही इच्छीत नाही.

स्टीफन्सच्याही आधी, १५५६च्या मार्चमध्ये, याच नदीतून एक छापखाना निघाला होता. तो जायचा होता अबिसीनियाला. गलबत गोव्यात थांबले आणि छापखाना तेथेच राहिला. भारतातली छपाई तेथून सुरू झाली. हे सारे आपल्याकडे अ. का. प्रियोळकरांनी जन्मभर कष्टून उजेडात आणले.

पण या आठवणीने हुरळून जाणेही बरे नव्हे. ज्या गलबतांतून छापखाना आला त्यांतूनच १५६०मध्ये गोव्यात सुरू झालेले इन्क्विझिशनही आले. साष्टीतली देवळे १५६७मध्ये पाडली गेली. ख्रिस्तपुराणातच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, तर त्यांच्या ठिकाणी दुसरे पुराण का देत नाही? ग्रंथाचा जन्मच या प्रश्नातून झाला असे ग्रंथकार सांगतो. मराठीच्या एका महत्त्वाच्या काव्याचे निमित्त मराठी पोथ्यांवरची बंदी आहे, आणि हे आपल्याला त्या काव्याच्या कर्त्यानेच सांगितले आहे. त्याच्यात एकनाथांचा तो गुण आहे. मधला हात तो झाकत नाही. पुढे १६८४मध्ये गोव्याच्या विसरईने हुकूम काढून लोकांची भाषाच मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा स्टीफन्सचा ग्रंथही अडगळीत गेला. १६१६च्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही.

परतताना आम्ही आल्बुकेर्क चौकातून गेलो. उंच खांबावर तो उभा आहे, नदीकडे तोंड करून. हा पुतळा १९०२चा. त्याच्या नावाचा गोव्यातला पुतळा, आणि कामोंइशचाही, जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेले आहेत. तेथे त्यांच्याभोवती वीरगळ आणि सतीशिळा आहेत आणि शाळेच्या सहली त्यांच्यामधून वाट काढत जातात. बेलेमच्या आफोंसोकडे पाहून पत्नी म्हणाली, “हापूस आंबा म्हणतात तो याच्याच नावाचा ना?” मी हो म्हटले. उन्हे उतरली होती. बुरूज येथून दिसत नव्हता. स्टीफन्सने संध्याकाळी पाचला डेकवरून पाहिला असेल तो बुरूज नक्षीच्या नव्या ओळींवाचूनचा, पाण्यात उभा असलेला, आणि त्यामागचा मठ घुमटावाचूनचा. मी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर दोन्हींच्या सनावळ्या एकाखाली एक लिहू लागलो. मठापुढे सहा झाल्या, बुरुजापुढे चार, आणि तेवढ्यात ट्राम आली.